वाखाला तान लागते

मावशी वाखाची पेंडी हातात घ्यायची, मधूनच चार तंतू ओढून काढायची आणि वरच्या ओठावर, बरोबर नाकाखाली ठेवायची. मग डोळे मिटायची. शेडमध्ये कॉम्प्रेसर ठणाणा करत असायचा, कोणी कोणाला साच्यावरून शिव्या घालत असायचं, पण तेवढा वेळ तिला जगाचं काही घेणं नसायचं. डोळे उघडले की निकाल. "वला हाय." नाहीतर "चालंल." तिसरा शब्द नाही.

वाख म्हणजे घायपाताच्या पानातून निघणारा लांब, पांढरट धागा. त्याचे दोर वळतात. शेतीवाडीच्या घरात वाढला असाल तर तुम्हाला हे सांगायला नको. मी नाशिकच्या सिडकोत वाढले. घायपात मी रस्त्याच्या कडेला शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्याच्या पोटात धागा असतो हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. तेही केमिस्ट्रीची पदवी गळ्यात अडकवून.

मावशीचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं. ते एकदाच पुरे झालं.

अंबडमध्ये आमचा फायबरचा कारखाना होता. आमचा म्हणजे साहेबांचा, मी नोकरीला. नव्वदचं दशक संपत आलेलं. आम्ही पाण्याच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे, कूलरच्या बॉड्या असलं काय काय बनवायचो. साच्यात काचेच्या तंतूंची मॅट पसरायची, वरून रेझिन ओतायचं, रोलर फिरवायचा, घट्ट झालं की काढायचं. माझ्या टेबलावर 'लॅब इन्चार्ज' अशी पाटी होती. लॅब म्हणजे शेडच्या कोपऱ्यातलं, एक काचेची खिडकी असलेलं प्लायवूडचं खोकं. त्यात एक वजनकाटा, एक ओव्हन आणि मी. म्हणजे मी इन्चार्ज कोणाची, तर ओव्हनची.

साहेब एका प्रदर्शनाला जाऊन आले आणि आल्या आल्या पेटले. बाहेरच्या देशांत म्हणे काचेऐवजी झाडाचे तंतू घालून गाड्यांचे भाग करतात. काच वितळवायला भट्टी लागते, झाड आपलं आपण वाढतं. वजनाला हलकं, कामगाराला खाज नाही. "आपल्या डोंगरात काय कमी झाडं आहेत का?" साहेब म्हणाले. कमी नव्हती. कमी होती ती माहिती. शहरातल्या व्यापाऱ्याकडून आम्ही जो वाख आणला त्यात निम्मा गर तसाच चिकटलेला होता आणि त्याला असा वास येत होता की शेजारच्या कारखान्याने आमच्याकडे माणूस पाठवून चौकशी केली. तेव्हा साहेब स्वतः पेठच्या आठवडे बाजाराला गेले. तिथे एक बाई दावी आणि कासरे विकत बसली होती. साहेबांनी दोर उसवून बघितला. तिने हातावर फटका मारला. साहेबांना माणूस पसंत पडलं.

"गुरुवारी या," साहेब म्हणाले. गुरुवारी सकाळी साडेसातला मावशी डोक्यावर गठ्ठा घेऊन गेटवर हजर.

"कोणाकडे जायचंय?" वॉचमन.

"वाख मागवलाय."

"कोणी?"

"जाड माणसानं."

वॉचमनला ओळख पटली होती, पण रजिस्टरमध्ये तसं लिहिणार कसं? त्याने आत सोडलं नाही. मावशीने वाद घातला नाही. गठ्ठा गेटच्या बरोबर मधोमध ठेवला, त्यावर बसली आणि फडक्यातली भाकरी सोडून खायला लागली. एक टेम्पो आत अडकला, दोन बाहेर. दहाला साहेबांची गाडी आली तेव्हा ती बोट दाखवून वॉचमनला म्हणाली, "ह्यो बघ. मी काय खोटं बोलले?"

तेव्हापासून ती सोमवारी यायची, शनिवारी जायची. पेठ रोडला तिची भाची राहायची, तिच्याकडे मुक्काम. गावाकडच्या पाड्यावर दहा-बारा घरं घायपात कापायची, पानं ठेचून साचलेल्या पाण्यात भिजत घालायची, गर खरवडून धुवायची आणि सावलीत वाळवायची. सावलीतच. "उन्हात घातला तर दिसाया पांढरा दिसतो, पण मोडतो," ती सांगायची. मग पेंड्या इकडे यायच्या आणि मावशी त्या विंचरून, एका लांबीच्या करून साच्यासाठी तयार करायची. साहेबांनी तिला शेडची मागची बाजू दिली होती. तिथे तिने बांबू बांधले आणि आठ दिवसांत आमच्या कारखान्याच्या पाठीमागे पाडा वसवला.

काचेची मॅट तिने पहिल्यांदा पाहिली तेव्हा मऊ दिसली म्हणून गालाला लावली. दिवसभर गाल खाजवत होती. संध्याकाळी कामगारांना म्हणाली, "ह्ये रोज अंगावर घेता? आन घरी जाऊन लेकरांना उचलता?" सगळे हसले, पण उगाच हसले. काचेची कूस कपड्यांत, केसांत, अंथरुणात जायची. आमच्यातल्या एकाची बायको त्याचे कपडे घरातल्या कपड्यांत धुवायची नाही. वाखाचे पहिले तुकडे साच्यात घातले त्या दिवशी तोच माणूस दुपारी हात नुसते पाण्याने धुऊन जेवायला बसला आणि मला म्हणाला, "मॅडम, आज भाकरी टोचली नाही."

मावशी मला मॅडम म्हणायची नाही. बाय म्हणायची. कारखान्यात बायका आम्ही दोघीच. साहेबांनी मला नोकरी देताना ऐकवलं होतं, "मुलगी म्हणून नाही घेतली, डोकं बघून घेतली." त्यामुळे बाकीचे सगळे माझं डोकं कधी आपटतंय याची वाट बघत होते. मावशीला माझ्या डोक्याशी कर्तव्य नव्हतं. मी डबा खाल्ला की नाही एवढंच ती बघायची.

एकदा लॅबमध्ये गेले तर गोड वास. ओव्हन उघडला, आत वाखाचे नमुने आणि त्यांच्या शेजारी ओळीने पाच रताळी.

"मावशी! हे काय? हा ओव्हन आहे, चूल नाही!"

"गरम तर व्हतो ना?"

"अहो, त्यात टेस्टिंग चाललंय!"

"मंग माझं बी टेष्टिंगच," ती म्हणाली. एक रताळं हातावर झेलत सोललं आणि अर्धं माझ्या तोंडात कोंबलं. मी चांगली रागावलेले होते, पण रताळं फार छान झालं होतं. पुढे थंडीभर आमच्या ओव्हनमध्ये दर बुधवारी रताळी असायची आणि साहेबांना वाटायचं वाखालाच तसा वास येतो.

कॉलेजातल्या मशीनवर तंतू ओढून तोडायची चाचणी मी करून आणली. किती जोर लागला त्याचा आलेख कौतुकाने तिला दाखवला. तिने कागद उलटासुलटा केला. "तोडाया मशीन कशाला? बैलाला बांधायचा. तोच सांगंल." मला ठसका लागेपर्यंत हसू आलं. पण माझे आकडे आणि तिचा ओठ कधी भांडले नाहीत. ती "वला" म्हणायची ती पेंडी मी तोलून ओव्हनमध्ये घालायची, पुन्हा तोलायची. दर वेळी वजन घटलेलं. मी अचंब्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाखाला तान लागते, बाय. वाळवला म्हणून काय झालं? पानी दिसलं का पितो. नाय दिसलं तर हवेतलं पितो." हेच मी कुठल्याशा इंग्रजी लेखात दोन पानं वाचलं होतं.

पहिल्या वर्षी दसरा झाल्यावर मी सहज विचारलं, "दिवाळीला गावी किती दिवस?" मावशीने हातातला वाख खाली ठेवला. म्हणाली, "औंदा आमी घरीच हाय. जगाया जायाचं नाय."

जगायला जाणं म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पाऊस संपला, भात-नागली घरात आली की पेठ-सुरगाण्याकडचे पाडेच्या पाडे कुलूप लावून निघतात. कोणी दिंडोरी-पिंपळगावला द्राक्षाच्या बागांत, कोणी वीटभट्टीवर. लेकरं, कोंबड्या, भांडी, सगळं घेऊन. ते परत येतात उन्हाळा सरता सरता. या जाण्याला ते जगायला जाणं म्हणतात. म्हणजे घरी राहणं हे जगण्यात धरतच नाहीत. त्या वर्षी वाखामुळे तिच्या पाड्यावरची दहा-बारा घरं गेली नाहीत. शाळेत पहिल्यांदा मार्गशीर्षात पोरं दिसली. डोंगऱ्या देवाचा उत्सव त्याच दिवसांत येतो. एरवी निम्मा पाडा बागांत असायचा, त्या वर्षी सगळे नाचले. मला दोनदा बोलावलं. "ये ना, बाय. पावरी वाजंल, नाचशील." मी जाणार होते. गेले नाही. सुट्टी होती, पण कंटाळा केला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीने बसच्या सीटच्या पाठी करायला दिल्या. नमुन्याच्या चाळीस. त्या टिकल्या तर वर्षाचं काम. साहेब हवेत होते. मावशीने पाड्यावर निरोप धाडला की आता कोणाला जायला लागणार नाही, औंदा नाय आन पुढंबी नाय. मला ती म्हणाली, "माझी सून बाळंत व्हईल मार्गशीर्षात. घरात व्हईल. मी बागंत बाळंत झालेली, मला ठावं काय आसतं ते."

तुमच्या लक्षात आलं असेल की आता मी कुठे येते आहे. मला यायचं नाही, पण येते.

श्रावणातली सकाळ. बाहेर आठ दिवस नुसती भुरभुर चालू. आदल्या दिवशी मी सगळा वाख ओव्हनमधून काढला होता, वजन घेतलं होतं, रजिस्टरमध्ये 'कोरडा' असं लिहून सही केली होती. मग तो ताटांमध्ये तसाच उघडा ठेवून घरी गेले. झाकायला हवा होता. निदान सकाळी पुन्हा तोलायला हवा होता. पण पुण्याचे लोक अकराला यायचे होते, साच्यांना पॉलिश चालू होतं, आणि रजिस्टरमध्ये माझी सही होती. माझ्या सहीवर माझा फार विश्वास.

मावशीने ताटातले तंतू उचलले, ओठाला लावले, डोळे मिटले.

"वला हाय."

"काल वाळवलाय, मावशी. मी स्वतः."

"कालचा कोरडा आसंल. आज वला हाय. नको घालू, बाय."

सगळे थांबून बघत होते. तो आज-भाकरी-टोचली-नाही वाला, साच्यावरचे दोघे, आणि दारात साहेब, घड्याळ बघत. कोणीतरी मागे खुसकन हसलं. माझे कान तापले. मी म्हटलं, "मावशी, ओठावर कंपनी चालत नाही."

आता हसले ते सगळे. यावेळी मनापासून. मावशीने तंतू ताटात परत ठेवले, नीट, बाकीच्यांच्या ओळीत. एवढंच पुन्हा म्हणाली, "नको घालू." पण हळू. मग आपल्या बांबूंकडे गेली.

आम्ही चाळीस पाठी केल्या. दिसायला सुरेख. पुण्याच्या लोकांनी हात फिरवून पाहिला, खुशीत चहा घेतला.

दीड महिन्याने पाठी परत आल्या. रंगाखाली फोड, कडांना पापुद्रे सुटलेले. एक तर मी नखाने ओढली, तशी थराला थर सोलून आली. सोबत पत्र होतं. कारण काय, जबाबदार कोण, उपाय काय केला, लेखी कळवा.

मी लॅबचं दार लावलं. त्याच मालातला उरलेला वाख ओव्हनमध्ये पूर्ण वाळवला, तोलला, ताटात उघडा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोलला. काटा कुठल्या कुठे गेला. रात्रभरात त्याने हवेतलं पाणी पोटभर पिऊन घेतलं होतं, आणि ओल्या तंतूला रेझिन धरत नाही. म्हणजे वाखात खोट नव्हती, पाड्याच्या कामात नव्हती, मावशीत तर नव्हतीच. खोट माझ्यात होती आणि ती मला त्या क्षणी शंभर टक्के माहीत होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते गैरसमजातून केलं असं तुम्हाला वाटायला नको.

साहेब आत आले. रागावलेले नव्हते, थकलेले होते. त्यांनी विचारलं, "तू वाळवला होतास ना?"

"हो."

"मग?"

मी 'चुकलं' म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण काचेपलीकडे ते सगळे दिसत होते, कामं सोडून इकडे बघणारे. माझं डोकं आपटायची दोन वर्षं वाट पाहणारे. माझ्या तोंडून निघालं, "माल मुळात नीट वाळलेला नसणार. आतून ओला. पाड्यावरून आलेला."

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं, आणि पटणारच. पाडा की पदवी? "कागद कर," ते म्हणाले. "पुरवठादाराची सही घे त्यावर. पुणेवाल्यांना दाखवायला लागेल."

मी कागद केला. टंकलेला, तीन ओळींचा. कारण: वाख नीट न वाळवता पुरवण्यात आला. जबाबदार: त्यापुढे मावशीचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, पाडा, तालुका. उपाय: पुरवठा बंद. नाव लिहिताना मी रजिस्टर बघून लिहिलं, कारण मला तिचं आडनाव माहीत नव्हतं. अख्खी थंडी तिच्या हातची रताळी खाल्ली होती.

मागच्या बाजूला गेले. मावशी वाख विंचरत होती. शाईचं पॅड पुढे केलं.

"काय लिवलंय, बाय?"

"माल परत आला. एवढंच."

तिने अंगठा लुगड्याला पुसला, पॅडवर टेकवला, मी दाखवलं तिथे उठवला. उठवताना दुसऱ्या हाताने कागद धरला होता, हलू नये म्हणून. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं देव जाणे. ती एकदम घाबरून म्हणाली, "तुझी नोकरी तर नाय ना जायाची?"

'नाही मावशी' एवढं म्हणायला काय लागतं? मी म्हटलं, "बघू." का म्हटलं? तिला माझी कीव यावी म्हणून. तेवढीच जरा सोबत. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला तिच्याकडूनच धीर हवा होता. तिने तो दिलाही. शाईचा हात माझ्या पाठीवर ठेवला. "नाय जायाची. लय शिकलेली हाय तू."

शनिवारी तिने बांबू सोडले, जमिनीतले खड्डे पायाने बुजवले आणि गेली. वॉचमनने गेटपर्यंत तिचा गठ्ठा धरला. दसऱ्याच्या आधीची गोष्ट आहे ही. दसऱ्यानंतर काय झालं असणार ते मला कळत होतं. भाचीला जाऊन विचारता आलं असतं. पेठ रोड काही लंडनला नाही. मी गेले नाही.

माझी नोकरी कुठे जाते? वर्षभरात साहेबांनी मला सुपरवायझर केलं. कारखाना पुन्हा काचेवर आला, कामगार पुन्हा खाजवू लागले. ज्याला भाकरी टोचायची तो नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. त्याला कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. मग मी दुसऱ्या, मोठ्या कंपनीत गेले. सिंहस्थ येऊन गेला, नाशिकचे रस्ते रुंद झाले, आणि झाडाच्या तंतूंचे दिवस पुन्हा आले. ताग, अंबाडी, घायपात, सगळ्यांना एकदम पर्यावरण आठवलं. या वेळी आमच्या कंपनीत मी नियम केला: वाळवलेला तंतू उघडा ठेवायचा नाही, आणि साच्यात घालायच्या आधी तासाभरात पुन्हा तपासायचा. फोड आले नाहीत. माझं नाव झालं.

इथल्याच एका कॉलेजात मला व्याख्यानाला बोलावलं. शेवटी एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, पुन्हा तपासायचं हे तुम्हाला कसं सुचलं?" मी म्हटलं, "अनुभवातून." टाळ्या झाल्या. शाल-श्रीफळ मिळालं. घरी आले आणि चपलाही न काढता पलंगावर बसून राहिले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, रविवारी पेठला जायचंय.

पेठपर्यंत एसटीने गेले, पुढे जीपने, पुढे पायी. मार्गशीर्ष होता. रस्ताभर मी वाक्य पाठ करत होते: मावशी, वाख तुमचा चांगला होता. चूक माझी होती. कागदावर मी खोटं लिहिलं. तीन वाक्यं. कागदही तीन ओळींचाच होता.

पाड्यावर एक माणूस दिसेना. कुडाच्या घरांना कड्या, काहींना कुलपं. अंगणात गवत आलेलं. शाळेच्या ओट्यावर एक कुत्रं झोपलेलं. शेवटच्या घराशी एक बाई शेळीला पाला टाकत होती. पायाने अधू, म्हणून मागे राहिलेली. मी मावशीचं नाव घेतलं. नाव तेवढं आता मला पाठ होतं.

"माझी जाव ती," बाई म्हणाली. "थोरली. ती गेली ना. दोन सालं झाली. निफाडाकडं बागंत व्हतो आमी. लय थंडी पडली, ताप आला, तिथंच गेली. तुमी कोन?"

मी कंपनीचं सांगितलं. अंबडच्या. वाखाच्या.

बाई पाला टाकायची थांबली. "त्या बाय का तुमी? वजन करनाऱ्या?"

मी मान हलवली.

"अगं माय!" ती लंगडत पुढे आली आणि माझे दोन्ही हात धरले. "तुमचं नाव नाय ठावं, पन तुमचं लय काढायची ती. बागंत घड इरळताना बी तेच. म्हनायची, मी हळू सांगितलं. वरडून सांगाया पायजे व्हतं, वला हाय, वला हाय. आडवं पडाया पायजे व्हतं. मी हळू सांगितलं म्हनून त्या पोरीची नोकरी गेली." मग माझ्याकडे वर बघत तिने विचारलं, "काढलंच ना व्हं तुमाला?"

तीन वाक्यं जिभेवर होती. जिच्यासाठी पाठ केली ती नव्हती, पण ही होती. ऐकायला माणूस होतं, कोणी हसणारं नव्हतं, काचेपलीकडे कोणी नव्हतं. माझं काही जाणार नव्हतं. फक्त ते हात सुटले असते.

मी म्हटलं, "हो. काढलं."

"मंग बरूबर," बाई म्हणाली. तिचे डोळे भरले, माझ्यासाठी. "मरेस्तवर घोर व्हता तिला. चला, आत चला." आत चूल नुकतीच विझलेली होती. तिने टोपली ओढली. एकच भाकरी होती, नागलीची. ती तिने ताटलीत घातली, वर मिरचीचा ठेचा, आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. "खा, बाय. कामाचं काय, आज गेलं उद्या मिळंल. उपाशी नको जाऊ."

मी खाल्ली. अर्धी ठेवली असती तर तिच्यासाठी राहिली असती. मी सगळी खाल्ली, आणि ती समोर बसून मला पाणी देत राहिली.